देवाचं सरपण

नाक्यासमोर माझं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेलं गवत आणि खाली एक भट्टी. पण बसायला दोन बाक होते, म्हणून लोक त्याला गुणवंतरावाचं हाटेल म्हणत. त्या हाटेलात बसून मी जंगलखात्याचा शहाणपणा पाहिला आणि मूर्खपणाही पाहिला. दोन्ही खाकी कपडे घालूनच येतात, त्यामुळे लांबून ओळखू येत नाहीत.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मुंबई आमच्यातल्या कोणीच पाहिली नव्हती. आमच्या कोसंबटोल्याला सरकार म्हणजे कुरखेड्याचे रेंजर साहेब, आणि साहेब नसतील तेव्हा नाकेदार. नाकेदार वारलू गावचाच, ढिवराचा पोर. त्याच्या बापानं जन्मभर मासे धरले, आज्यानं नदीत डोंगा, म्हणजे कोरलेल्या खोडाची होडी, चालवला, आणि याला सरकारनं टोपी, पट्टा आणि रस्त्यावरचा एक आडवा बांबू दिला. बांबू खाली केला की रस्ता बंद, वर केला की सुरू. एवढ्या कामाला पगार मिळतो याचं गावाला फार दिवस हसू येत होतं.

त्या वर्षीचा शिमगा झाला आणि हसू आटलं. नदीपलीकडच्या रानात येनाची झाडं उभ्या उभ्या वाळू लागली होती. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं, आमच्याकडचं रोजचं झाड. त्याला भुंगेरा लागला होता. साहेब स्वतः नाक्यावर आले आणि माझ्या बाकावर उभे राहून त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. भुंगेरा सालीत अंडी घालतो, अळी खोडाच्या आत शिरून वर्षभर गाभा खाते, आणि मृगाच्या सुमारास तिचा भुंगेरा होऊन बाहेर पडतो. तो आपल्या पंखांनी फार लांब जात नाही. त्याला लांब नेतो माणूस, सरपणाच्या गाडीतून. म्हणून पलीकडचं येनाचं लाकूड नदीच्या अलीकडं येणार नाही. जिथं वाळलं तिथंच जाळायचं, असा हुकूम होता.

"सायेब," म्हातारा सुकलू म्हणाला, "तुमी ते लाकूड जाळता, आमी बी जाळतो. तुमी रानात जाळता, आमी चुलीत जाळतो. मंग आमाले आडवता काऊन?"

सगळे हसले. साहेबही हसले, कारण प्रश्न बिनतोड होता.

"चुलीत जाण्याआधी ते तुझ्या अंगणात किती दिवस पडून असतं, सुकलू?"

सुकलूनं डोकं खाजवलं. सरपण वैशाखात आणून रचायचं आणि पावसाळाभर पुरवायचं, ही तर आमची जुनी रीत. साहेब म्हणाले, "तेवढ्या दिवसांत तो अंगणातूनच उडून जातो. तू जाळतोस ते रिकामं घर." हे ऐकून लोक पांगले; पटलं म्हणून की घाबरले म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

वारलूला मात्र पटलं. त्यानं त्या उन्हाळ्यात नाक्यावर जी शिस्त लावली, तिला तोड नव्हती. पलीकडून आलेली एकेक गाडी तो उतरवून बघे. येनाचं लाकूड दिसलं की तिथंच रस्त्याकडेला ढीग घालून पेटवून देई. लोक त्याला शिव्या देत, त्याच्या आईबापाचा उद्धार करत आणि मग माझ्याकडे येऊन चहा पीत. माझा धंदा त्या आगीवर बरा चालला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एकदा पलीकडचा लालसू आला. गोंड म्हातारा, रिकाम्या हातानं आला होता, बाजाराला निघालेला. वारलूनं त्याला जोहार केला आणि रान कसं आहे विचारलं.

"रान कुठी राह्यलं बाबा," लालसू म्हणाला. "झाडाखाली उभं राह्यलं का डोक्यावर भुसा पडते, बारीक, पिठावानी. पाखरं बी बसत नाईत आता."

"पन तुमच्या इथी आलं कसं?"

"लगनात आलं. नवरीकडच्यायनं सैपाकाचं लाकूड संगं आणलं, येनाचं, गाडीभर. नवरी बी सोयरी न् लाकूड बी सोयरं. कोनाले नाई म्हनावं?"

तो चहा पिऊन उठला. जाताना त्यानं गावाच्या मागे, टेकडीच्या उताराकडं पाहिलं. तिकडं मुखरूची राई होती. लालसू बराच वेळ तिकडंच बघत राहिला, आणि मला उगीच बरं वाटेना.

ती राई म्हणजे येनाचीच. आमचे ढिवर मासे धरतात तसे कोसाही पाळतात. कोशाच्या अळ्या येनाच्या पानांवर सोडायच्या, त्या पानं खाऊन वाढतात, फांदीला कोसे बांधतात, आणि त्या कोशांचं रेशीम होतं. गावातल्या सगळ्या ढिवरांचा कोसा त्या एका राईत पिके, आणि राईचा मुख्य मुखरू. मुखरू हा वारलूच्या थोरल्या बहिणीचा, मनकर्णाचा नवरा. आई लवकर गेली, तेव्हा वारलूला मनकर्णानंच न्हाऊमाखू घालून मोठं केलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. कोशाच्या अळ्यांना ती बाळं म्हणायची, आणि गंमत अशी की ती बाळं झाडावर कशी दिसतात हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. अंडी लावल्यापासून कोसे उतरेपर्यंत बाईमाणसानं राईची शीव ओलांडायची नाही, ही रीत. ती भाकर शिवेवरच्या दगडावर ठेवून माघारी फिरायची आणि लांब उभी राहून विचारायची, "बाळं खाऊन राह्यली का बरोबर?"

रीती आणखीही होत्या, आणि एकीपेक्षा एक कडक. व्रतातल्या माणसानं मांसमच्छी खायची नाही, तेल लावायचं नाही, दाढी करायची नाही, बायकोजवळ जायचं नाही. त्याला कोणी शिवायचं नाही, त्याच्या सामानालाही नाही. राईतल्या येनाची वाळली काडीसुद्धा मोडायची नाही, ती देवाची. पण राईत राखणीच्या कोपीजवळ पावसाळाभर धुनी तर पेटती लागते, ओल मारायला आणि अस्वल लांब ठेवायला. शिवाय दुसऱ्या झाडाचा धूर बाळांना सोसत नाही असं म्हणत. येनाच्या बाळांना येनाचीच धग हवी. म्हणजे सरपण येनाचं पाहिजे, पण आपल्या राईतलं नको. दरवर्षी ते कुठून तरी परक्या रानातून आणत. आणि त्या वर्षी नदीपलीकडं वाळका येन वाटेल तेवढा, फुकट पडलेला होता.

वैशाखात एका दुपारी मुखरूची गाडी नदी उतरून आली. मी भट्टीवर आधण ठेवत होतो. बैलांच्या जुवाला येनाच्या डहाळ्या बांधल्या होत्या, म्हणजे गाडी देवाची. मुखरू पुढं अनवाणी चालत होता, डोक्यावर ओला पंचा, कपाळाला शेंदूर. मागून मनकर्णा येत होती, गाडीपासून चार हात अंतर राखून. गाडीत जाड ओंडके रचलेले होते आणि साल तशीच होती.

वारलू बांबूजवळ उभा राहिला. त्यानं बांबू वर केला नाही.

"भाऊजी, थांबा जी. हे पल्याडचं हाये का?"

मुखरू थांबला. "पल्याडचंच. इकडं आता वाळका येन हाये कुठी?"

"मंग उतरवा लागंन. इथीच जाळा लागंन. सायबाचा हुकूम हाये."

"उतरव," मुखरू म्हणाला. "लाव हात."

वारलूचा हात काही उठेना. मी त्याला कित्येकांच्या गाड्या उलट्या करताना पाहिलं होतं. पाटलाच्या भाच्याची गाडी त्यानं सोडली नव्हती. पण हा खाकी टोपीखाली शेवटी ढिवरच होता. व्रताच्या गाडीला हात लावला, कोसा बिघडला, तर तो साऱ्या गावाचा आणि पहिल्यांदा आपल्या बहिणीचा वैरी होणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"बाई, तू तरी सांग," तो म्हणाला.

मनकर्णा हसली. लहानपणी तो काट्याला घाबरायचा तेव्हा हसत असेल तशी. "अरे येड्या, देवाच्या जळतनाले कीड लागते का? रोजचं लाकूड वेगळं, हे वेगळं. वर कर तो बांबू, बैल उन्हात उभे हायेत."

वारलूनं बांबू वर केला. गाडी गेली. गाडी उभी होती त्या जागी, धुळीवर, पिठासारखा पिवळसर भुसा सांडलेला होता, ओंडक्यांतून गळलेला. मी तो पाहिला आणि वारलूनंही पाहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी चहात साखर घातली. वाऱ्यानं भुसा उडून गेला.

त्या पावसाळ्यात कोसा कधी नाही एवढा पिकला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण संकट नेहमी अवकळा घेऊनच येतं असं म्हणणाऱ्यांना जग कळलेलं नसतं. पोळ्यापर्यंत फांद्या कोशांनी लगडल्या. अळ्या पानं खातात तेव्हा बारीक सर पडल्यासारखा आवाज होतो. शिवेवर उभं राहिलं तरी ऐकू येई. मुखरू दिवेलागणीला झाडाला पाठ टेकून बसे आणि एकदा त्यानं शिवेबाहेर उभ्या असलेल्या मनकर्णाला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "औंदा झाडं बी खाऊन राह्यली. पाठ टेकली का खोडातून कुरकुर ऐकू येते. देव जागा हाये." मनकर्णानं हात जोडले. माझ्या दुकानात येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा वारलू बाकावर होता. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. तो मला म्हणाला, "गुणवंतभाऊ, बाळं खोडात राहत नाईत." मला ते ठाऊक होतं. मला तेव्हा भीती वाटली.

त्यानं साहेबांना कळवायला हवं होतं. तो रोज म्हणे, उद्या जातो. कोसे उतरेपर्यंत राईत परका माणूस जाऊ शकत नाही, मग साहेब येऊन करणार काय, अशी त्याची समजूत; नाही, सबब.

दिवाळी झाली आणि राईतली पानं अवेळी पिवळी पडली. येनाची पानं उन्हाळ्यात गळतात, हिवाळ्यात नाही. मग प्रत्येक बुंध्याभोवती जात्याभोवती पीठ पडावं तसा भुसा साचू लागला. मुखरू तो रोज झाडून काढी आणि सकाळी तो पुन्हा पडलेला असे. आता गाव बसलं विचार करायला. आमच्या गावानं विचार केला की कोणाचं तरी वाटोळं व्हायचंच. भुंगेऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही. राईत विटाळ झाला, कोणीतरी रीत मोडली, आता मोडणारा शोधायचा. शेवटी बोट बुधरीवर आलं. बुधरी मुखरूच्या चुलतभावाची सून, नवी आलेली, बकरीमागं धावताना तिनं म्हणे शिवेचा दगड ओलांडला होता. तिला विहिरीवर पाणी भरू देईनात. पोरगी नदीवर जाऊन रडायची आणि मडकं भरून यायची. वारलूला एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. एके दिवशी त्यानं ते वाक्य बोलून टाकलं, भर पंचांत.

"बुधरीनं काई केलं नाई. गाडी म्या सोडली."

कोणाला पटलं नाही. देवाच्या सरपणानं देवाची राई मरते, हे कसं पटावं? मुखरू तर हसलाच. पण वारलूनं त्याच दुपारी सायकल काढली आणि कुरखेडा गाठला.

साहेब आले. त्यांनी कुऱ्हाडीची मागची बाजू एका खोडावर मारली. भरीव झाड खणखणतं; हे बद्द वाजलं. दुसरं, तिसरं, तसंच. त्यांनी बूट काढून शिवेच्या आत पाय ठेवला होता, एवढं मानावं लागेल. बाहेर येऊन त्यांनी हुकूम सांगितला: मृगाच्या आत राई सगळी पाडायची आणि जागेवर जाळायची. एकही झाड ठेवायचं नाही. ठेवलं तर टेकडीमागचं सरकारी जंगल जाईल, मग खालचं, मग त्याच्या खालचं. मुखरूला त्यांनी हात जोडून विनवलं. मी आजवर साहेबाला ढिवरापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"सायेब, येनावर कुऱ्हाड चालवली त्याच्या घरातून कोसा जाते," मुखरू म्हणाला. "त्याच्या घरातून, त्याच्या पोराच्या घरातून. आमी नाई चालवत."

गाव चालवेना. शेजारचं गाव चालवेना. मजूर आणायचे तर तेही ढिवर नाहीतर गोंड, आणि राई म्हटली की हात मागं. असेच दिवस जाता जाता चैत्र संपला. शेवटी एका सकाळी वारलू एकटाच कुऱ्हाड घेऊन टेकडीकडं गेला, आणि आम्ही सगळे मागं गेलो, सोबतीला नाही, बघायला.

मुखरू शिवेच्या दगडावर बसला होता. मनकर्णा बाहेर उभी होती. वारलूनं टोपी काढून दगडावर ठेवली, मुखरूच्या पायाला हात लावायला वाकला, आणि मुखरूनं पाय मागं घेतला. मग तो आत गेला. पहिल्या घावाला मनकर्णाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला अजून आवडत नाही आठवायला. झाड फार वेळ टिकलं नाही. आतून ते खाऊन झालेलंच होतं. पडलं आणि मधोमध फुटलं, तेव्हा अंगठा जाईल एवढ्या बोगद्यांतून जाड पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. लोक मागं सरले. मनकर्णा मात्र पुढं झाली, शिवेच्या अगदी कडेपर्यंत, आणि टक लावून पाहत राहिली. ती काय पाहत होती, कीड की आपली बाळं, देव जाणे.

एकदा वारलूनं पाप पदरात घेतल्यावर मजूर आले. राई पडली. दिवसचे दिवस धूर होता. माझ्या दुधाला धुराचा वास येई. आणि मग एक गोष्ट झाली जी साहेबांनी कधी मनात आणली नव्हती. राई मेल्याची बातमी सगळ्या कोसकऱ्यांच्या गावांत गेली आणि लोक मयताला यावेत तसे यायला लागले. येत, शिवेवर डोकं टेकवत, रडत, आणि जाताना जळायच्या राहिलेल्या लाकडाचा एक तुकडा उचलत. देव मेला तरी देवाचं हाड घरात असावं, आपल्या राईत पुरावं, म्हणजे त्याचा गुण तिथं येईल. आपलं मन किती चांगलं असतं आणि त्यातून काय काय घडतं!

वारलूनं बांबूजवळ ठाण मांडलं. आता तो कोणाचं काही मानीना. पंच्यात गुंडाळलेला, टोपलीत लपवलेला, लुगड्याच्या ओच्यात बांधलेला प्रत्येक तुकडा त्यानं काढून घेतला. ज्याला हात लावायचा नाही त्याला हात लावला. म्हाताऱ्यांनी शाप दिले. एका बाईनं त्याच्या तोंडावर माती फेकली. तो तुकडे माझ्या भट्टीत आणून टाकायचा आणि जळून राख होईस्तोवर उभा राहायचा. पुन्हा त्याच चुकीनं दुसरं रान जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात उरलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला. तसं मी त्याला सांगितलंही, आणि त्याच्या चहाचे पैसे घेणं बंद केलं.

मुखरूनं गाव सोडायचं ठरवलं. नदीच्या खालच्या अंगाला मनकर्णाच्या मामाचं गाव होतं. तिथं येनाची मोठी राई, धडधाकट, आणि कोसकरी लोक. नवी अंडी लावायची ती तिथं. साहेबांनी निरोप दिला होता: भांडी न्या, बैल न्या, बियाण्याचे कोसे न्या, लाकूड तेवढं नेऊ नका.

सकाळी उन्हं वर आली होती तेव्हा मनकर्णा नाक्यावर आली. एकटी, डोक्यावर गाठोडं. वारलू उठून उभा राहिला.

"गाठोड्यात काय हाये, बाई?"

"लुगडी हायेत," ती म्हणाली. "न् एक तुकडा हाये."

तिनं आपण होऊन गाठोडं उतरवलं, सोडलं, आणि हातभर लांबीचा ओंडका त्याच्यापुढं धरला. साल तशीच, सालीवर शेंदूर. वारलूनं तो घेतला. त्यानं तो माझ्या भट्टीत घातला, आणि आम्ही तिघं तो जळताना पाहत राहिलो. आतून चर्र आवाज आला. मनकर्णानं डोळे मिटले नाहीत.

मी तिला बाकावर बसवलं आणि चहा दिला. वारलू तिच्या पायाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"बाई, मले माफ कर."

"रडू नोको. तुयं काम तू केलं." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा आवाज शांत होता, फार शांत. वारलूनं डोळे पुसले.

"भाऊजी मांगून येऊन राह्यले का?"

"ते गेले. तांबडं फुटलं तवाच."

"कुठून गेले? मी इथीच होतो."

"डोंग्यातून."

वारलू तिच्याकडं पाहत राहिला. ढिवराचा पोर तो. आज्यानं जन्मभर डोंगा चालवला. पण सरकारनं त्याला सडकेवर उभं केलं, आणि तो सडकेसारखाच विचार करायला शिकला होता.

"रिकामे गेले का?"

मनकर्णानं चहा संपवला, कप बाकावर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. "तुले म्या वाढवलं, वारलू. तू आता कोनाले सोडत नाई, मले माहीत हाये. मायाजवळचा घेतल्याबिगर राह्यला नसता. घेतला, तुयं मन भरलं. म्हनून मी सडकेनं आली."

त्यानं सायकल काढली. मागून ती एवढंच म्हणाली, "आता जाऊन काय करशीन? देव बसला असंन तिथं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. लेकराला लांब कुठं सुखरूप ठेवून आलेल्या आईचं समाधान होतं, आणि मला त्याचाच धसका बसला.

पुढचं वारलूनंच मला सांगितलं. तो ऊन कलताना मामाच्या गावी पोचला. वेशीवर माणसं लाठ्या घेऊन उभी होती. व्रत लागलं आहे, आत परका माणूस जाणार नाही, आणि येनावर कुऱ्हाड चालवणारा तर नाहीच, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्यानं खाकी दाखवली, हात जोडले, ओरडून भाऊजींना हाका मारल्या. सुकलूसारखाच कोणीतरी एक म्हातारा तिथं होता; तो म्हणाला, सायबाचा कागद आण. वारलू कागद आणायला उलटा फिरला. साहेब दौऱ्यावर होते. कागद निघाला तोवर मृग लागून गेला होता.

त्या पहिल्या दिवशी वेशीवरूनच त्याला राई दिसत होती. उतार भरून येन उभे होते, नव्या पालवीचे, वाऱ्यावर हलणारे. एवढी हिरवीगार राई त्यानं आपल्या जन्मात पाहिली नव्हती, असं तो म्हणाला.